गाऱ्हाणे

कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. ज्यांना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांचेही गाऱ्हाणे त्या दिवशी आपल्याच अंगणात घातले जाते. न्यायासनानेही असेच दारी यावे, असे आम्हांला प्रथम वाटले ते सुरतेच्या बमरोलीत.

तापी खोऱ्याची आगगाडी खानदेशातील माणसे उधन्याला आणून सोडते. त्यांतील कित्येक बमरोलीच्या यंत्रमागांवर लागतात. आमचे शेजारी नंदुरबारकडचे. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. एका मालकाने त्यांची पंधरवड्याची मजुरी अडकविली, तेव्हा त्यांच्यासोबत आम्हीही कचेरीत गेलो. कचेरी काही कोसांवर नव्हती. पण एक खेप म्हणजे एका पाळीची मजुरी बुडाली. त्यातून कागद गुजरातीत. अक्षरे ओळखीची वाटतात, परंतु माथ्यावरची रेघ नसली की देवनागरी वाचणारा बिचकतो. तिसऱ्या खेपेस प्रश्न आला, "तुम्ही तेथे कामाला होता, याचा पुरावा काय?" ना हजेरीपत्र, ना पगाराची चिठ्ठी. सारा हिशेब मालकाच्या खिशातील वहीत! बाहेर येऊन ते म्हणाले, "भाऊ, मागण्यापेक्षा सोडून देणं स्वस्त."

गुजरातेत ही कल्पना नवी नाही. रंगपूरला हरिवल्लभ परीखांनी १९४९ पासून आदिवासींचे तंटे लोकांसमोर बसून मिटविले. उना येथे १४ मार्च १९८२ रोजी लोकअदालत भरली. पुढे २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्याने न्यायाधीशाने गावोगाव फिरावे असे ठरविले आणि मजुरीचे दावेही त्याच्या कक्षेत घातले. परंतु तो कायदा ग्रामपंचायतींच्या मुलखासाठी. बमरोली पडली शहरात! औद्योगिक कामगाराला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यात आहे. तो आम्हांलाही फार उशिरा कळला, हे कबूल करतो.

फिरते कामगार न्यायालय रात्रपाळी सुटण्याच्या वेळी मागांच्या गल्लीत उभे राहिले, तर पाळी बुडणार नाही. मालकाची वहीही चार पावलांवरून मागविता येईल. पालखी आली तरी गाऱ्हाणे शब्दांत घालावे लागतेच, हेही खरे.

अखेर मुकादमाच्या मध्यस्थीने निम्मी रक्कम मिळाली. आता शेजारी दर पाळीनंतर मुलाच्या जुन्या वहीत विणलेले मीटर टिपून ठेवतात. पहिल्या पानावर 'श्री' आहे. सही मात्र अजून एकट्या त्यांचीच.