बारा खणांचे घर

परवा आमच्या घराची किंमत ठरविण्यासाठी लातूरहून एक गृहस्थ आले. आमचे गाव औसा तालुक्यातले, आडबाजूचे. येथे भावाची चौकशी करावयाची ती तुरीच्या आणि सोयाबीनच्या. घराचा भाव कोणी कोणाला विचारीत नाही. आम्हांलाही घर विकावयाचे नव्हते. आईच्या मागोमाग वडील गेले आणि घराला माझे व ताईचे अशी दोन नावे लागली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हक्क २००५ साली साऱ्या देशात मिळाला. पण बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी आणि साडीचोळी घेऊन सासरी जावे, ही आमच्याकडची रीत काही सुटलेली नाही. मी पडलो मास्तर आणि त्यातून कादंबरीकार! ताईचा वाटा रोख देईन, असे मी मोठ्या तोऱ्यात कबूल करून बसलो होतो.

"घर केवढे?" गृहस्थांनी विचारले.

"बारा खणांचे."

दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. हे माप त्यांच्या तक्त्यात नव्हते. त्यांनी टेप लावून चौरस मीटर मांडले. मग म्हणाले, "जवळपास एखादे घर इतक्यात विकले गेले आहे का? ताडून पाहायला बरे."

गेल्या वीस वर्षांत आमच्या गल्लीत एकच घर विकले गेले. विकणारा कर्जाने गांजलेला, घेणारा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्याला बाजारभाव कोण म्हणेल? गृहस्थांनी जागेला सरकारी दर लावला आणि वर पाहिले.

वर एके काळी माळवद होते, तुळयांवर मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच मातीखाली माणसे गाडली गेली. आमचे घर कसेबसे उभे राहिले. दिवाळीच्या आत वडिलांनी माती उतरवून पत्रे घातले. पाट्या चौदा वर्षांच्या ताईने वाहिल्या. मी लहान, म्हणून अंगणात बसून मोजल्या.

"पत्र्याचे छप्पर, मातीतले बांधकाम. घसारा जाता मोडीचीच किंमत उरते," गृहस्थ म्हणाले. "तुळया कडुनिंबाच्या ना?"

धुराने त्या काळ्याकुट्ट झाल्या आहेत. आकडा जितका खाली, तितके माझे देणे कमी. मी गप्प राहिलो. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, असे व्याकरणही मी तेवढ्यात रचले.

"अहो, सागवानी आहेत म्हणून सांगा की! मामंजी नेहमी म्हणायचे," स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

गृहस्थांनी शिडी मागितली. चाकूने काजळी खरवडली, वास घेतला आणि खाली उतरून वहीतला आकडा खोडला.

भाऊबीजेला ताई येईल. पैसे दोन हप्त्यांत देईन, असे मी तिला कळविले आहे. तिचे उत्तर आले: "पैशांचे मागून बघू. पण मातीच्या पाट्या किती झाल्या होत्या रे? तूच मोजीत होतास."

मला आकडा आठवत नाही.