पप्पांची बोटं आणि पाच पिना

घरच्या कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडायचा, एवढंच काम होतं. कीबोर्ड म्हणजे वाजवायचा. यामाहाचा जुना पीएसआर, पप्पांचा. नव्वदीच्या शेवटी त्यांनी तो हप्त्यावर घेतला आणि पुढची पंधरा वर्षं सांगली-मिरज-जयसिंगपूर पट्ट्यातल्या वराती आणि गणपतीचे स्टेज त्याच्यावर काढले. दिवसा नोकरी, रात्री ऑर्केस्ट्रा. आता ते अधूनमधून माझ्याकडे पुण्याला राहतात, त्यांच्याबरोबर कीबोर्डही आलाय. गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं सकाळी आखडतात. संधिवात आहे, वाढेल तसा वाढेल. त्यामुळे जे टिपायचं ते आत्ताच, असं मी ठरवलं.

टिपायला मोबाइलही चालला असता. पण मोबाइल पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी आणि पंचवीस वर्षांपूर्वीची ती खोटी सनईसुद्धा टिपतो. मला फक्त पप्पांचे हात हवे होते, आणि मिडी नेमकं तेवढंच उचलतं. तारेतून आवाज जातच नाही. कुठली पट्टी दाबली, कधी दाबली, १ ते १२७ मध्ये किती जोराने, आणि कधी सोडली, एवढीच खबर जाते. तीन मिनिटांचं गाणं नीट रेकॉर्ड केलं तर तीसेक एमबी होतं. मिडीत काही केबी. सनई नको असेल तर तेच हात उद्या पियानोवर ठेवता येतात.

हे सगळं १९८३ सालचं आहे. डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने स्पर्धक कंपन्यांनी एकच भाषा मान्य केली, आणि ती आजही चालते. आमच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वीचा कोड कुणी चालवून दाखवला तर आम्ही चहा पाजतो.

अडचण एकच. जुन्या कीबोर्डला मागे पाच पिनांचं गोल सॉकेट आहे, लॅपटॉपला यूएसबी. मधला दुवा म्हणजे मिडी इंटरफेस. ऑनलाइन शोधलं तर चार-पाचशे रुपयांच्या तारेपासून आठ-आठ सॉकेटच्या महागड्या पेट्यांपर्यंत सगळं दिसतं, आणि जास्त पैसे म्हणजे जास्त वेग असं वाटायला लागतं. तसं नाहीये. त्या पाच पिनांमधला वेग ठरलेला आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एका स्वराची खबर तीन बाइटची, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. जास्त पैशांत मिळतात ती जास्त सॉकेटं. एकाच कीबोर्डला एक इन, एक आउट बास. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो म्हणून लोक इंटरफेसला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरच्या ऑडिओ बफरचा असतो.

मग स्वस्तातली तार का नको? मित्राकडे एक बिनब्रँडची पडून होती, ती आणून लावली. साधे स्वर व्यवस्थित आले. मग पप्पांनी डाव्या हाताने व्हील फिरवलं. सनईची मींड ते त्या व्हीलवर काढतात. वरातीत नवरी निघताना बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं ते त्या मींडेमुळे, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. व्हील फिरतं तेव्हा खबरांची रांग लागते, आणि ती तार त्यातल्या अर्ध्या गिळत होती. स्क्रीनवर घसरगुंडीच्या जागी जिन्याच्या पायऱ्या. नंतर तर एक पट्टी सोडल्याची खबरच पोचली नाही आणि तो सूर भोंग्यासारखा वाजतच राहिला. मी दिवसभर ऑफिसात हरवलेले मेसेज पुन्हा पाठवायचं काम करतो. मिडीत ती सोय नाही. गेलं ते गेलं.

अशा काही तारांमध्ये आणखी एक गोष्ट वाचवलेली असते, ती म्हणजे ऑप्टोकपलर. नियमाप्रमाणे मिडी-इनच्या आत एक इवलासा दिवा लागतो आणि समोरचा सेन्सर त्याचा उजेड वाचतो. दोन यंत्रांच्या विजेचा एकमेकींना स्पर्श होत नाही, त्यामुळे स्पीकरमध्ये गुणगुण शिरत नाही. मला हे फार आवडलं. पप्पांची मींड क्षणभर उजेड होऊन पलीकडे जाते.

शेवटी रोलँडचा यूएम-वन घेतला. एक इन, एक आउट, आणि बाजूला एक छोटं बटण, ज्याने तो ड्रायव्हरशिवायही चालतो. मला तेच महत्त्वाचं वाटलं. कंपनीने ड्रायव्हर काढणं थांबवलं की चांगली यंत्रंही माळ्यावर जातात. नवा ऑडिओ इंटरफेस घेणार असाल तर मागे पाच पिनांचं सॉकेट आहे का ते बघून घ्या. स्कार्लेटच्या ४आय४ ला आहे, २आय२ ला नाही.

जोडल्याबरोबर, कुणी काही वाजवत नसतानाच, मॉनिटरवर एकच खबर पुन्हापुन्हा येऊ लागली. कीबोर्ड सेकंदात तीन-चारदा कळवत असतो की मी आहे, तार जोडलेली आहे. पप्पा म्हणाले, "ह्ये तुझ्यापेक्षा बरं. तू आठवड्यातनं एकदा फोन करतोस."

मग ते वाजवायला बसले. सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाचं बटण आहे; मागेपुढे पडलेला प्रत्येक स्वर ते मोजून ठोक्यावर आणून बसवतं. पप्पा सम गाठताना केसभर मागे राहतात, नेहमीच. मी त्या बटणाला हात लावला नाही. इंटरफेसच्या आउटमधून तीच खबर परत कीबोर्डला पाठवली. हात मांडीवर ठेवून पप्पा समोर बसले आणि कीबोर्ड आपोआप त्यांच्यासारखा वाजू लागला. पट्ट्या हलत नव्हत्या. अंतरा संपेपर्यंत ते काहीच बोलले नाहीत.

"हितं घाई केली मी," ते म्हणाले. "पुसून टाक ते. परत घे."

मी पुसलं नाही. दुसऱ्या ट्रॅकवर परत घेतलं.