उष्टी गाठ

आमच्या घरात उष्ट्याचं फार. चिपळूणच्या घरी तांब्याला तोंड लागलं की आजी तो पुन्हा घासायला लावायची. इतक्या दूरच्या गोष्टीपासून सुरुवात करतोय, कारण एका परक्या म्हाताऱ्याचं मी जे देणं लागतो, ते शेवटी या उष्ट्यापाशीच येऊन अडतं.

मी तेव्हा अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या बोझमनला शिकत होतो. शेजारच्या घरात ते एकटे राहत. वय ऐंशीच्या पुढे. तोंडावर मी त्यांना नावानंच हाक मारायचो, तिथली रीतच तशी. मनात मात्र आजोबा. त्यांचे हात थरथरत, गळाच्या नेढ्यात दोरा ओवता येत नसे. माझ्याकडे गाडी नव्हती, पैसे तर नव्हतेच. सौदा ठरला: गाडी त्यांची, चालवायची मी, आणि नदीवर त्यांच्या गाठीही मीच घालायच्या. शनिवारी सकाळी निघायचं, तासाभरात एनिस गाव आणि मॅडिसन नदी.

गळ मला नवा नव्हता. वाशिष्ठीवर गरीला गांडूळ लावून गरवत बसण्यात माझं निम्मं लहानपण गेलं. फ्लाय फिशिंग मात्र भलतंच निघालं. इथे आमिष नाही, आमिषाचं सोंग. त्या सोंगाला वजनच नसतं, त्यामुळे फेकायचा तो जाड, जड दोर; त्याच्या टोकाच्या बारीक पारदर्शक दोऱ्याला बांधलेला खोटा किडा आपला मागोमाग जातो. एरवी हे फ्लाय पुष्कळदा डासाएवढे असतात. आजोबांना ते पाण्यावर दिसत नसत. म्हणून त्यांचा उन्हाळा मोठ्या किड्यांवर बेतलेला.

आधी जूनअखेरीचा साल्मनफ्लाय. करंगळीएवढा, नारिंगी पोटाचा. तीन-चार वर्षं नदीतल्या दगडांखाली काढतो आणि मग रांगत काठावर येऊन कात टाकतो. विलोच्या झुडपाला चिकटलेली ती पोकळ कात आजोबांनी दाखवली होती. सहाही पाय जसेच्या तसे. अंडी घालायला तो पाण्यावर उतरला की ट्राउटना भान राहत नाही. पण हा सोहळा नदी तापेल तसा उगमाकडे सरकत जातो, आणि आम्ही पोचायचो तेव्हा तो पुढे गेलेला असायचा.

ऑगस्ट मात्र आमचा. ऑगस्ट म्हणजे नाकतोडे. तोवर त्यांना पंख फुटलेले, काठचं गवत वाळलेलं. वारा सुटला की गवतावरून मारलेली उडी भलतीकडे जाते आणि स्वारी पाण्यात लाथा झाडते. पाण्यानं पोखरलेल्या काठाखाली, सावलीत, ब्राउन ट्राउट याच मेव्यासाठी दबा धरून असतो. आमचा खोटा नाकतोडा फोमचा, रबरी पायांचा, मानेशी हरणाचे केस. पाठीवर पिवळा ठिपका. तो माशासाठी नव्हे, आजोबांच्या डोळ्यांसाठी. इतर फ्लाय पिसासारखे अलगद उतरवायचे; हा टपकन आपटला तर उलट बरं. पुढे मात्र त्यानं प्रवाहाच्याच वेगानं वाहायचं. दोरानं त्याला जरा ओढलं की मासा ओळखतो. आणि मासा वर आला की लगेच हिसका द्यायचा नाही. मोठा ब्राउन सावकाश तोंड उघडतो, मिटतो, खाली वळतो. तेवढं थांबेल त्याचा तो. माझा हात वाशिष्ठीवर तयार झालेला. पहिले तीन शनिवार मी माशांच्या तोंडातले नाकतोडे काढूनच घेत होतो.

दोन मिळाले तेव्हा आईला फोन केला. "तळलेस की कालवण?" सोडून दिले म्हटल्यावर पलीकडे शांतता. आजोबांना हे सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग म्हणाले, हे मासे कुणी आणून सोडलेले नाहीत, इथेच जन्मलेत. डिक व्हिन्सेंट नावाच्या सरकारी जीवशास्त्रज्ञानं याच मॅडिसनवर मासे मोजून दाखवलं होतं, की पाळीव ट्राउट सोडले की नदीतले कमी होतात. 1974 पासून मोंटानानं नद्यांत ट्राउट सोडणंच थांबवलं. "तेव्हा त्याला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो," आजोबा म्हणाले. त्यांच्या खिशात थर्मामीटर असे. पाणी 68 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या 20 च्या वर गेलं की मासे कितीही उसळू देत, गळ गुंडाळायचा. ऊन पाण्यात प्राणवायू कमी. दमलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

गाठीबद्दल त्यांचं एकच सांगणं होतं: आवळण्याआधी तोंडात धरून ओली कर. कोरडा दोरा आवळताना घासून तापतो, वेढे एकमेकांवर नीट बसत नाहीत. मला ते होईना. दोरा दुसऱ्याचा, नदीतून आलेला, माशांच्या तोंडातून निघालेला. आजीनं अंगणातच उभं केलं असतं. मी नदीच्या पाण्यात बोट बुडवून वेळ मारून न्यायचो. घाईत तेही राहायचं.

ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी पिवळा ठिपका काठाला धरून वाहत आला आणि त्याखाली पाणी नुसतं फुगलं. आजोबा थांबले. मग दांडी उचलली. मासा एकदा पुरा बाहेर आला, गाभुळलेल्या चिंचेच्या रंगाचा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. मी जाळी घेऊन पाण्यात उतरलो, तोवर दांडी सरळ झाली होती.

आजोबांनी दोर आवरला. टोक डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं, वीतभर कापलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. "दोरा जुना झाला होता," म्हणाले. "मीच बदलायला हवा होता."

मी ते खरं मानलं. सतरा-अठरा वर्षं.

मागच्या मे महिन्यात हिमाचलात, तीर्थन नदीवर होतो. तिथेही ब्राउन ट्राउट आहेत, इंग्रजांनी आणलेले. चांगला मासा लागला आणि सुटला. सोबतच्या पोरानं दोऱ्याचं टोक हातात घेतलं. ते डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं होतं. "टूटा नहीं है साब," तो हसत म्हणाला, "गाँठ फिसली है. टूटता तो सीधा होता."

मी काठावर बसलो. मॅडिसनवरचं ते टोक मी पाहिलं नव्हतं; त्यांनी ते दाखवलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी नेहमीसारखा त्यांनी दोरा माझ्याच हातात दिला होता. मी वेढे घातले. आवळणार तोच "थांब" म्हणाले, वाकले, माझ्या बोटांतली गाठ तशीच स्वतःच्या ओठांत धरून ओली केली आणि मान हलवली. म्हातारपणाचे चाळे, असं मला तेव्हा वाटलं होतं.