पॉवर कॅलिब्रेशन एरर

मागच्या महिन्यात होस्टेलच्या एका पोराने माझ्या टेबलावरची सीडी उचलून विचारलं, "सर, ही लावायची कुठे?" प्रश्न बरोबर होता. त्याच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती! आमच्या वेळी ज्याच्या रूमवर 'रायटर'वाला पीसी, तो विंगचा राजा असायचा. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याच्या दारात रांग लागायची. त्या राजाच्या हातून किती सीड्या वाया गेल्या याचा हिशेब मात्र कुणी मागत नसे. वाया गेलेली सीडी म्हणजे चहाच्या कपाखाली ठेवायची चकती, बस्स.

पण एकदा तो हिशेब माझ्यावर आला होता. तीच गोष्ट सांगतो.

आमचं घर गोसीखुर्दचं. पवनी तालुका, जिल्हा भंडारा. गावाचं नाव तुम्ही धरणामुळेच ऐकलं असणार. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज 372 कोटींचा होता, पुढे तो कित्येक हजार कोटींवर गेला. 33 दरवाजे, भंडारा-नागपूर-चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर ओलिताचं स्वप्न. आम्ही पोरं त्या बांधकामाकडे बघत बघतच मोठे झालो. मी इंजिनिअरिंगला गेलो त्यालाही थोडंफार तेच कारण.

आता गंमत बघा. आमचं घर भिंतीच्या खालच्या अंगाला आणि मामाचं गाव वरच्या अंगाला, म्हणजे बुडितात. एकाच नदीच्या काठची दोन सोयरी घरं. एकाला पाणी मिळणार, दुसऱ्याला पाण्यात जावं लागणार. मामाच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. नकाशावर तिथे आता निळा रंग आहे.

2007 च्या दिवाळीत मामाकडे शेवटची मंडई भरायची होती. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. पुढच्या दिवाळीपर्यंत कोण गावात असेल, कोण नवीन गावठाणात, कोण नागपूरला, काहीच भरवसा नव्हता. मी रूम पार्टनरचा डिजिटल कॅमेरा मागून आणला आणि दोन दिवस दिसेल ते टिपलं. दंडार, मारुतीचं देऊळ, विहीर, शाळा. आजी म्हणाली, "दरोज्यातून घे रे बाबू, दरोजा आला पायजे." मग एकेका घराचा दरवाजा घेतला. घरं होती 31.

मामा म्हणाला, "बाबू, याची शिडी करून दे. घरोघरी एकेक. शिडी पिलेअर तं साऱ्यांकडेच हाये." आणि मी, थर्ड इयर इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, छाती फुगवून म्हणालो, "त्यात काय मामा! डिसेंबरच्या सुट्टीत देतो."

तर डिसेंबर आला. सगळ्या क्लिप जोडून 54 मिनिटांची फिल्म झाली. गावातल्या प्लेअरला चालावी म्हणून व्हीसीडी करायचं ठरवलं. पन्नास सीड्यांचा गठ्ठा आणला. 2003 साली बाबांनी बसवून घेतलेला आमचा पीसी, विंडोज एक्सपी, 52 एक्सचा रायटर आणि सॉफ्टवेअर सगळ्यांचं लाडकं 'नीरो बर्निंग रॉम'. रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता म्हणतात. आमचा नीरो नेमानं पट्टी पुढे सरकवत होता आणि जळत होत्या माझ्या सीड्या!

पहिली सीडी 70 टक्क्यांना मेली. दुसरी सुरूच झाली नाही, स्क्रीनवर 'पॉवर कॅलिब्रेशन एरर'. तिसरी पूर्ण झाली, पण उघडेना. चौथी पुन्हा 'पॉवर कॅलिब्रेशन एरर'.

हे प्रकरण काय असतं ते थोडक्यात सांगतो. कोऱ्या सीडीच्या आत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. रायटरचा लेझर तो जागोजागी तापवून खुणा करतो. लेझर कमी पडला तर खूण उमटत नाही, जास्त झाला तर थर करपतो. प्रत्येक कंपनीची सीडी वेगळी. म्हणून लिहिण्याआधी रायटर सीडीच्या अगदी आतल्या कडेला, त्यासाठीच राखलेल्या जागेत थोडं लिहून बघतो आणि लेझरची शक्ती ठरवतो. शाई उतरते का ते बघायला आपण पेपरच्या कोपऱ्यात रेघोट्या मारतो ना, तसंच. ही चाचणी जमली नाही की हा एरर येतो.

मी पहिला दोष दिला सीड्यांना. दुसऱ्या कंपनीच्या दहा आणल्या. तेच! मग दोष लेन्सला. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून लेन्स पुसली. एक सीडी छान निघाली, मी उड्या मारल्या, पुढच्या दोन गेल्या. मग वेग. 1 एक्स म्हणजे सेकंदाला 150 केबी, म्हणजे 52 एक्सला झाले 7800. तो 8 एक्सवर आणला. थोडा फरक पडला, पण भरवसा नाही.

मग विंडोज. एक्सपीची एक खोड होती. ड्राइव्हकडून डेटा घेताना सहा वेळा चूक झाली की ती गुपचूप वेगवान डीएमए मोड सोडून जुन्या पीआयओ मोडवर यायची आणि पुन्हा आपणहून वर जायची नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिलं तर खरंच पीआयओ! मला वाटलं, सापडला चोर. आयडीई चॅनेल काढून टाकला, रीस्टार्ट केला, डीएमए परत आला. नवीन केबल टाकली, जम्पर तपासले. रात्री अकराला लिहायला बसलो. 82 टक्के... आणि ढुप्प.

त्या काळी आमच्याकडे लोडशेडिंग दिवसाला दहा-बारा तास. लाइट असायची तेवढ्यातच काय ते करायचं. दहा मिनिटं टिकणारा यूपीएस, 8 एक्सला 54 मिनिटांच्या फिल्मला सात-आठ मिनिटं. म्हणजे प्रत्येक सीडी ही परीक्षाच. आठवडाभरात 17 सीड्या वाया गेल्या. कॉलेज उघडायला सहा दिवस उरले आणि मामाचा निरोप आला, "चार घरं पुढच्या आठवड्यात निघून रायले."

मी जाहीर केलं की रायटर गेला, नवीन घ्यावा लागेल. बाबा शाळामास्तर. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "रायटर खराब आहे हे ठरवलं कोणी?"

"बाबा, एरर तोच दाखवतो ना!"

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं तर नाही होत? दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलास का तो?"

नव्हता पाहिला. तीन वर्षं लॅबमध्ये जर्नल लिहिली, व्हायवात 'फॉल्ट आयसोलेशन'वर तोंडपाठ उत्तर दिलं, आणि घरी आल्यावर सुचेल तिथे स्क्रू फिरवत बसलो होतो. एका वेळी दोन-दोन गोष्टी बदलायच्या आणि कशाने फरक पडला ते कळायचं नाही!

दुसऱ्या दिवशी रायटर पिशवीत घालून एसटीने पवनी गाठली. ओळखीच्या सायबर कॅफेत त्यांच्या मशीनला लावला. पहिली सीडी पास, दुसरी पास, तिसरीही पास! मग त्यांचा रायटर एका दिवसासाठी मागून घरी आणला आणि आमच्या पीसीला लावला. 'पॉवर कॅलिब्रेशन एरर'. इतका आनंद मला कुठल्याच एररने दिला नव्हता.

म्हणजे दोष रायटरचा नव्हताच. मल्टिमीटर काढला. रायटरला जाणाऱ्या चार वायरींत पिवळी 12 व्होल्टची, लाल 5 व्होल्टची, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. पीसी नुसता चालू असताना लाल वायर 5.02 दाखवत होती. लिहिणं सुरू केलं आणि आकडा 4.6 च्या आसपास नाचायला लागला. पाच टक्के सूट धरली तरी 4.75 च्या खाली जायला नको. एसएमपीएस दमला होता! एरवी निभावून न्यायचा, पण लेझर आणि मोटर एकदम मागायला लागले की हात टेकायचा. शक्तीच डळमळीत, तर तिचं माप ठरणार कसं? एररचं नावच 'पॉवर' होतं, मी मात्र आठवडाभर सीडीकडे बघत होतो.

पवनीच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी एसएमपीएस उघडला. (मित्रांनो, हे स्वतः करू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि प्लग काढला तरी तो लगेच जात नाही. काकांनी आधी तो रिकामा केला, मगच हात घातला.) आउटपुटच्या बाजूचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते, एकातून रस गळून वाळला होता. त्या वर्षांत अशा खराब कपॅसिटरनी जगभरचे मदरबोर्ड आणि सप्लाय मारले. आमच्यात आले दोन, किंमत चहा-समोशाएवढी. बदलले. लाल वायर लिहिताना 4.95.

त्या रात्री लाइट आल्यापासून जाईपर्यंत 12 सीड्या काढल्या. बाराही वेळा नीरोने सांगितलं, 'बर्न प्रोसेस कम्प्लिटेड सक्सेसफुली'. सकाळी मामाकडे. अंगणात खुर्च्या, सगळा मोहल्ला जमा. लावली पहिली सीडी. दंडार सुरू झाली, पोरं ओरडली. चाळिसाव्या मिनिटाला आजीचा दरवाजा आला आणि चित्र थिजलं. चौकडे चौकडे. बारांत अशा तीन निघाल्या. गठ्ठ्यातल्या शेवटच्या सीड्यांना ओरखडे होते आणि घाईत मी 'व्हेरिफाय'ची खूण काढून टाकली होती.

मी म्हणालो, "मामा, पण कॉम्प्युटरने तर सक्सेसफुल म्हटलं होतं."

मामा हसला. म्हणाला, "कागदावर तं आमचंही सारं झालं हाये, बाबू. रस्ता झाला, नळ झाला, शाळा झाली. तू जाऊन पाहून ये नव्या गावठाणात."

त्याच्या आवाजात राग नव्हता. नळ बघायला गेलेल्या माणसाने कोरडी तोटी बघून यावं, तसा तो बोलला. मी काही बोललो नाही. घरी येऊन व्हेरिफायची खूण केली. पुढची प्रत्येक सीडी लिहून झाल्यावर तपासली आणि वर मामाच्या प्लेअरवर सुरुवात, मध्य, शेवट असं तीन ठिकाणी पाहिली. 31 घरं, 31 सीड्या. शेवटची चार घरं निघायच्या आदल्या दिवशी पोचल्या. वाया गेलेल्या सीड्या मामीने परसातल्या जांबाच्या झाडाला टांगल्या. त्या चकाकीने राघू म्हणे त्या वर्षी जांबाला शिवले नाहीत. चला, सतरा सीड्या कामाला आल्या!

पुढे पाणी चढलं. आजी नव्या घरात दोन पावसाळे राहिली.

2022 मध्ये मामा सीडी घेऊन कॉलेजात आला. लागत नव्हती. लेबलवर बॉलपेनने नाव लिहिलं होतं मामेभावाने. पुष्कळांना वाटतं सीडीची खालची चकचकीत बाजूच जपायची, पण डेटाचा थर असतो लेबलच्या लगेच खाली, वरून दाबून लिहिलं की तोच आधी मरतो. लॅबमध्ये एक बाहेरून जोडायचा जुना ड्राइव्ह होता. मामाला म्हटलं, बाकी घरांना विचारा. नव्या गावठाणातून आणि नागपूरहून मिळून सात सीड्या आल्या. दोन अजिबात वाचल्या गेल्या नाहीत, रंगद्रव्य उडालं होतं. उरलेल्या पाचांपैकी एकीचा पहिला भाग चांगला, दुसरीचा मधला, तिसरीचा शेवट. तुकडे जोडून 54 मिनिटं पुन्हा पूर्ण झाली. आता ती सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. (तीन ठिकाणी कॉपी ठेवा असं मी तुम्हाला लॅबमध्ये ओरडून सांगतो, ते उगीच नाही.)

मामाने ती फिल्म माझ्या केबिनमध्ये बसून पूर्ण पाहिली. चाळिसाव्या मिनिटाला खुर्चीत पुढे सरकला. दरवाजा आला, उघडला, आजी उंबऱ्यावर. मामाने फक्त मान हलवली.

तर मुलांनो, तुम्ही उद्या काहीतरी बांधाल, बसवाल, दुरुस्त कराल. एका वेळी एकच गोष्ट बदला. जो ओरडतो तोच बिघडलाय असं धरून चालू नका, मागचा सप्लायही मोजा. आणि काम 'सक्सेसफुल' झालं असं स्क्रीनवर दिसलं, रिपोर्टात लिहिलं, तरी ते ज्याच्यासाठी केलं त्याच्या अंगणात जाऊन एकदा लावून बघा. मामाच्या अंगणात मला तीन सीड्या तशा सापडल्या होत्या.

ती टेबलावरची सीडी म्हणजे त्या सातांपैकीच एक, न वाचली गेलेली. ज्या पोराने "लावायची कुठे" विचारलं त्याला सांगितलं, आता कुठेच लागत नाही. पण ठेवून दे जागेवर.

– एक माजी होस्टेलवासी, सध्या इलेक्ट्रॉनिक्स विभाग