टीव्ही लावणे

मराठीत 'टीव्ही लावणे' याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे तो जागेवर बसवणे आणि दुसरा म्हणजे बटण दाबून सुरू करणे. पहिला खर्च एकदाच होतो, दुसरा दर महिन्याला बिलातून येतो. बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते की पहिला भांडवली आणि दुसरा महसुली. आमच्या आईला हा भेद मान्य नाही. तिच्या मते एकदा लावला की लावला, तो पुन्हा बंद कशाला करायचा?

आई चौसाळ्याला जुन्या घरात एकटी असते. अस्मादिक बीडला बँकेत लोकांचे पैसे मोजतात. दादा गेल्यावर आईच्या सोबतीला म्हणून ४३ इंची टीव्ही घेतला. बसवायला आलेल्या पोराने घरात पाऊल टाकताच ड्रिल काढले. भिंत दगडमातीची, आजोबांच्या वेळची, दोन हात रुंद. ड्रिल आत शिरले ते लोण्यात शिरावे तसे, आणि भोकातून पांढरी माती भुरुभुरु गळू लागली.

"साहेब, लांब बोल्ट टाकू की," तो म्हणाला.

"तो शेजारच्या देवघरात निघेल," मी म्हणालो.

असल्या भिंतीत कॅलेंडरचा खिळा टिकतो. तारण इतके कच्चे असल्यावर त्यावर आठ-नऊ किलोचे कर्ज द्यायला मी काही तयार नव्हतो. मग बुटके, रुंद टेबल भिंतीला टेकवले, टीव्ही काठापासून आत सरकवला आणि मागून पट्टा घेऊन खिडकीच्या गजाला आवळला.

"म्हैस हाय का ती, दावणीला बांधायलास?" आईने विचारले.

पण सुट्टीत नातवंडे येतात. १९८७ साली गल्लीत ज्या टीव्हीवर आम्ही 'रामायण' पाहिले, तो हलवायला दोन माणसे लागायची. आताचा टीव्ही पाटासारखा पातळ, आणि दोन काटकुळ्या पायांवर उभा. चार वर्षांच्या पोराने कार्टूनला मिठी मारली की कार्टूनसकट अंगावर यायचा.

त्यावर आईने विणलेला रुमाल घातला. तो मी काढला, कारण मागच्या जाळीतून आतली उष्णता बाहेर पडते. तिने पुन्हा घातला. शेवटी रुमाल फ्रिजवर गेला. उन्हाळ्यात वळीव गडगडायला लागण्याआधीच टीव्हीची पिन काढायची, छतावरच्या छत्रीची वायरही सोडायची, एवढे मात्र तिने लगेच पत्करले. नुसते बटण बंद करून भागत नाही. वीज आभाळातून खाली येते, ती बटणातल्या दोरीएवढ्या फटीला काय भिणार?

खरा प्रश्न बिलाचा निघाला. महिन्याला ११२ युनिट. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, १०१व्यापासून तो चढतो. म्हणजे आमची शंभरी दर महिन्याला भरत होती. टीव्ही रोज दहा तास. "जरा कमी लावत जा," असे सांगून पाहिले.

"बंद केला की घर खायला उठतंय रं," आई म्हणाली.

यावर कुठलाही हिशेब चालत नाही. तेव्हा तास तेवढेच ठेवून वीज कुठे कापता येते, ते पाहायचे ठरवले.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर ३२०० असे लिहिले आहे, म्हणजे तेवढ्यांदा लुकलुकला की एक युनिट. एका रविवारी फ्रिज, पंखे, दिवे सगळे बंद केले, टीव्ही तेवढा लावला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. नोटा मोजायचा सराव होताच. येणारेजाणारे विचारत, "जप चालू हाय का?" पंधरा मिनिटांत ७२ लुकलुका झाल्या, म्हणजे ९० वॅट. मग रिमोटने टीव्ही बंद केला. वाटले, आता शून्य. तरीही आठ! टीव्हीचा लाल दिवा निर्दोष होता, तो अर्धा वॅटही खात नव्हता. खाणारा शेजारी बसला होता, सेट-टॉप बॉक्स. रात्रंदिवस दहा वॅट, कोणी पाहो न पाहो. बंद पडलेल्या खात्यातून दरमहा आकार कापला जावा, तसे. त्याचे बटण आता रात्री भिंतीवरच बंद होते.

पुढे पडद्याचा उजेड पाहिला. दुकानात ट्यूबलाइटच्या झगमगाटात उठून दिसावे म्हणून टीव्हीला भडक चित्राची सोय असते, आणि घरीही तो तसाच ठणठणीत उजळत राहतो. तो उतरवला, ४८ झाल्या. आईला फरक कळला नाही, उलट डोळे चुरचुरायचे थांबले.

आणि मग सेटिंगमध्ये 'चित्र बंद' सापडले. पडदा काळा, आवाज चालू. १८! टीव्हीची बहुतेक वीज पडद्यामागच्या उजेडातच जाते. दिवसातले चार तास तरी आई भाजी निवडत, भाकरी थापत नुसते ऐकते. तिला ते बटण दाखवले.

पुढचे बिल ९४चे आले.

परवा गेलो तर शेजारच्या काकू उंबऱ्यात उभ्या. काळ्या पडद्यातून सासू-सुनेचे भांडण ऐकू येत होते. "बिघडला का वं टीव्ही?"

"न्हाई," आई पिठाचे हात झटकत म्हणाली, "डोळे मिटलेत, तोंड चालू हाय. ह्यांचे दादा बी बाजेवर पडून असंच बोलत ऱ्हायचे."