भिगवणच्या पाण्यावर कॅमेऱ्याचा पहिला धडा

मुलांनी हौसेने आणलेला किंवा परगावी गेलेल्या नातवाने मागे ठेवलेला डीएसएलआर कॅमेरा अनेक घरांत कपाटात पडून असतो. त्यावरील बटणांची गर्दी पाहूनच ज्येष्ठांचा हात मागे येतो. असा कॅमेरा आपल्या घरी असेल, तर त्याला घेऊन एकदा भिगवणला जावे.

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की सुमारे १०० किलोमीटरवर इंदापूर तालुक्यातील हे गाव लागते. भीमेवर उजनीचे धरण झाले, तेव्हा या परिसरातील गावे आणि शेते पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. धरणाच्या याच उथळ फुगवट्यावर हिवाळ्याच्या उत्तरार्धात रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो उतरतात. जवळच्या कुंभारगावातून मच्छीमारांच्या नावा पर्यटकांना पाण्यावर नेतात. ज्यांचे गुडघे आता टेकड्या चढू देत नाहीत, त्यांच्यासाठी हे ठिकाण सोयीचे आहे, कारण येथे आपण बसून राहायचे असते.

निघण्यापूर्वी घरी दोन गोष्टी करून घ्याव्यात. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या आरशावर पडून वर वळतो आणि व्ह्यूफाइंडरमधून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. या खिडकीशेजारी एक बारीक चाक असते. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवावे. चष्म्याचा नंबर फार मोठा नसेल, तर चष्म्याविनाही दिसू लागते. धूसर दिसते म्हणून कॅमेरा दूर ठेवणाऱ्या अनेकांची अडचण या चाकाशीच सुटते.

दुसरी गोष्ट वेगाची. वरची मोठी तबकडी निकॉनच्या कॅमेऱ्यात 'एस'वर, कॅननच्या कॅमेऱ्यात 'टीव्ही'वर ठेवावी आणि वेग १/१००० करावा. आयएसओ 'ऑटो'वर असू द्यावा. म्हणजे कॅमेरा सेकंदाचा हजारावा भागच प्रकाश आत घेतो. हाताला सूक्ष्म कंप असला, नाव डोलत असली, तरी इतक्या अल्प क्षणात चित्र सहसा हलत नाही. बाकीची बटणे तूर्त विसरावीत.

सकाळची वेळ उत्तम. औषधे आणि न्याहारी वेळेवर घ्यावी, अंगात स्वेटर आणि डोक्यावर टोपी असावी. काठावर चिखल असतो, म्हणून नावेत चढताना कोणाचा तरी हात धरावा आणि जीवनरक्षक जाकीट अवश्य घालावे. कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स मिळून वजन किलोच्या आसपास जाते. ते मानेवर पेलत बसू नये. कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून ती नावेच्या काठावर ठेवावी व तिच्यावर लेन्स टेकवावी. कोपरे बरगड्यांशी घ्यावीत. सूर्य पाठीमागे राहील अशी नाव लावण्यास नावाड्याला सांगावे.

आता पाहावे. चित्रबलाक, शेकाट्या, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब प्रथम दिसतात. पुढे उथळ पाण्यात रोहितांची रांग उभी असते. चोच उलटी धरून ते पाणी गाळतात आणि बारीक जीव व शेवाळ टिपतात. त्या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच त्यांना गुलाबी छटा येते, म्हणून लहान वयाचे पक्षी करडेच दिसतात. थवा उडावा म्हणून नाव त्यांच्या अंगावर घालू देऊ नये. त्यांची न्याहारी मोडून मिळालेले छायाचित्र आपल्या वयाला शोभत नाही. थांबले तर ते आपणहून उडतात. मग पंखांखालचा लाल आणि काळा रंग उघडतो आणि त्यांना अग्निपंख का म्हणतात ते कळते. बटण अर्धे दाबून चित्र स्पष्ट होऊ द्यावे, मग पूर्ण दाबावे.

सोबत आलेल्या मुलामुलींना, सुनांना आणि काळजीवाहकांना एक विनंती आहे. "द्या, मी काढतो," असे म्हणून कॅमेरा त्यांच्या हातातून घेऊ नका. दिवसभरातील कितीतरी कामे त्यांच्या हातून अशीच, प्रेमानेच, काढून घेतली गेली आहेत. जोडीदार गेल्यावर ज्यांचे जग खोलीपुरते उरले, त्यांना कोणीतरी फिरवून आणण्यापेक्षा स्वतः काही पाहून आणण्याची गरज अधिक असते. छायाचित्रात पक्ष्याची मान कापली गेली तरी चालेल. आपण फक्त पिशवी धरावी आणि पाणी द्यावे.

दोन तासांत परत फिरावे. कुंभारगावात घरगुती मासळीचे जेवण मिळते. पथ्य असल्यास तिखट-मीठ बेताचे ठेवण्यास आधीच सांगावे.

कॅमेरा हे औषध नव्हे. त्याने सांधे बरे होत नाहीत आणि गेलेले माणूस परत येत नाही. परंतु उद्या पहाटे उजेड कसा असेल, असा प्रश्न तो मनात उभा करतो, आणि उद्याची वाट पाहण्यास तेवढे निमित्त पुरते. घरी आल्यावर तीन छायाचित्रे निवडावीत, कागदावर छापून घ्यावीत आणि मागे तारीख व पक्ष्याचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहावे. पुढचा सराव अंगणातल्या बुलबुलावर करता येईल.