मातृभाषेचा रकाना आणि काशीतील मराठी घरे

जनगणनेत स्थलांतर मोजण्याची रीत ठरलेली आहे. जन्म कोठे झाला आणि यापूर्वीचे वास्तव्य कोठे होते, हे विचारले जाते. या रीतीने पाहिले तर वाराणसीच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या परिसरात पिढ्यानुपिढ्या राहणारा मराठी माणूस स्थलांतरित ठरतच नाही. त्याचा जन्म तिथला, वडिलांचाही तिथलाच. त्याच्या मराठीपणाची नोंद होते ती केवळ मातृभाषेच्या रकान्यात. तीही त्याने स्वतः तसे सांगितले तर. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या मला या रकान्याचे कुतूहल वाटत आले आहे. इतक्या पिढ्यांनंतर माणूस तिथे ‘मराठी’ असे का सांगतो?

याचे उत्तर केवळ भावनेत सापडत नाही. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस स्थायिक झाले. त्यांच्याच वंशातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचला आणि महाराष्ट्रातील सणव्रतांचे निर्णय त्या ग्रंथाच्या आधारे होऊ लागले. याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. म्हणजे घर सोडून गेलेल्यांची मूळ भूमीला गरज होती, आणि त्यांना तिची. पुढे मराठी सत्तेबरोबर घाट, वाडे, अन्नछत्रे उभी राहिली. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा बांधले. या साऱ्यामागे येणे-जाणे होते, व्यवहार होता. नाते टिकले ते या व्यवहाराच्या आधाराने.

काही वर्षांपूर्वी ब्रह्माघाटाजवळ एका वृद्ध उपाध्यायांच्या घरी बसलो होतो. ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारताच ते म्हणाले, “आमचं गाव रत्नागिरीकडचं. मी ते पाहिलेलं नाही. पण गावची माणसं पाहिली आहेत, ती इथेच येतात.” समोर यजमानांच्या नोंदींच्या जुन्या वह्या होत्या, त्यांतील कित्येक पाने मोडी लिपीत. मुलगा मोडी वाचू शकत नाही, नातू मराठी बोलतो पण लिहीत नाही, असेही त्यांनी शांतपणे सांगितले. आता यात्रेकरू हॉटेलात उतरतात, यात्रा कंपनीबरोबर येतात आणि दोन दिवसांत परततात. वह्यांत नव्या नोंदी क्वचितच होतात. जो व्यवहार नात्याचा कणा होता, तोच सैल होत आहे.

शासनाने यात काय करावे? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची तरतूद आहे. वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी असल्यास शिक्षक द्यावा, असे सूत्र १९४९ मध्येच ठरले होते. मात्र काशीतील मराठी मुले निरनिराळ्या शाळांत विखुरलेली. एका वर्गात दहा जमणार कशी? नियम चांगला असूनही त्याचा लाभ पोहोचत नाही, याचे हे उदाहरण. शासन शिक्षक देऊ शकते, घरातील संभाषण देऊ शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूळ भाषा जपणे म्हणजे नव्या भूमीपासून अंतर राखणे नव्हे. १८८३ मध्ये काशीतील मराठी कुटुंबात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे अग्रणी ठरले. ते मराठी होते म्हणून त्यांची हिंदी उणी पडली नाही.

न्यू जर्सी, लंडन वा दुबईतील वाचकांना काशी दूरची वाटेल. पण त्यांच्या नातवंडांपुढे हाच प्रश्न उभा राहणार आहे. गणेशोत्सव वर्षातून एकदा येतो. तेवढ्याने भाषा टिकत नाही. मुलांना मराठीत करण्यासारखे काही काम हवे: गावाकडच्या आजीला दर आठवड्याला पत्र लिहिणे, घराण्याची नोंदवही पुढे चालवणे, गावच्या शाळेशी संबंध ठेवणे. ज्या भाषेत काही करायचे उरत नाही, ती फक्त रकान्यात उरते. आणि पुढच्या एखाद्या गणनेत तो रकानाही दुसऱ्या भाषेच्या नावाने भरला जातो.